थांब्याची नोंद

या, असे जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनी तर आधी पुढे या, कारण ही कथा मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. हिच्यात राजा नाही, राणी नाही. लढाई म्हणाल तर आहे, पण ती बोटांनी टाइप करून लढलेली. एका रेल्वेच्या थांब्याची ही कथा, आणि तो थांबाही आता जागेवर नाही. रूळ उचलून नेले, फलाटाच्या फरश्या कुणाकुणाच्या अंगणात गेल्या, नावाची पाटी एकाने गोठ्याला आडोसा म्हणून लावली. जे उरलंच नाही त्याची काय कथा, असं तुम्ही म्हणाल. पण बाबांनो, वरच्याच्या दारात काही फक्त उरलेल्यांचीच दाद लागते असं नाही. तेव्हा ऐका.

एका छापखान्यात एक मुद्रितशोधक बाई कामाला होती. छापायला जाणारी पानं डोळ्यांत तेल घालून वाचायची आणि चुका लाल शाईनं दुरुस्त करायच्या, हे तिचं काम. छापखान्यातले लोक पाठीमागे तिला वेलांटी म्हणत. पुढे धीट झाले आणि तोंडावर म्हणू लागले. तीही "काय रे" म्हणून ओ द्यायला लागली, मग त्यातली मजाच गेली आणि नाव तेवढं राहिलं. लग्न केलं नाही. आई गेल्यावर वडिलांना, म्हणजे अप्पांना, आपल्याकडे आणलं. इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालच्या इस्त्र्यांनी थंडीत फरशी कोमट राहायची आणि उन्हाळ्यात जीव नकोसा व्हायचा. अप्पांची नजर गेलेली. उजेड कुठून येतो एवढं कळे, आणि दारात माणूस उभं राहिलं की सावली कळे. बाकी कान शाबूत, जीभ शाबूत, आणि आठवण तर इतकी शाबूत की ऐकणाऱ्याला नको होई.

अप्पा त्या थांब्याचे एजंट होते. स्टेशन वेगळं आणि थांबा वेगळा, हे आता सांगावं लागतं. स्टेशनला मास्तर असतो, त्याला टोपी असते, हाताखाली माणसं असतात. थांब्याला यातलं काही नाही. वस्तीतलाच एक माणूस रेल्वे नेमते. त्यानं तिकिटं विकायची, गाडी आली की लाल निशाण धरून ती उभी करायची, माणसं चढली-उतरली की हिरवं दाखवून सोडून द्यायची. सगळा कारभार एकट्याचा.

आता त्या थांब्याची जी एक गोष्ट होती ती सांगते ऐका. वस्ती आणि फलाट यांच्या मधे उघडं माळरान होतं. झाड नाही, झुडूप नाही, एक पायवाट. फलाटावर उभं राहिलं की वाटेवर पळत येणारा माणूस लांबूनच दिसायचा. आणि अप्पांचा नियम असा, की वाटेवर जोवर कुणी पळतंय तोवर लाल निशाण खाली येणार नाही. चालत येणाऱ्याला ही सवलत नव्हती. तुला घाई नाही तर गाडीनं का करावी? पण जो पळतोय त्याच्यासाठी गाडी उभी. इंजिनाचा ड्रायव्हर सुरुवातीला शिव्या घालायचा. मग त्यालाही सवय झाली. पुढे पुढे तर तोच बाहेर वाकून म्हणायचा, "अहो एजंट, ती बघा तिकडे एक म्हातारी पळतेय, का नुसतीच हलतेय?" डब्यातली माणसं खिडक्यांत गोळा व्हायची. पळणारा दमून थांबला की डब्यातून ओरडा व्हायचा, "अरे पळ रे, आलास की." तो चढला की टाळ्या. मग हिरवं.

ही गोष्ट अप्पांनी वेलांटीला किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नाही. दर वेळी शेवट एकच, "मग काय, थांबा बंद झाला." का बंद झाला, हे ते सांगत नसत आणि ती विचारत नसे.

एकदा ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. खिडकीतली मुलगी संगणकावर माहिती भरत होती. तिनं विचारलं, "आजोबा, नोकरी कुठे होती?" अप्पांनी ऐटीत थांब्याचं नाव सांगितलं. मुलीनं टाइप केलं, पुन्हा टाइप केलं, आणि म्हणाली, "आजोबा, असं काही ठिकाणच नाहीये."

"नाहीये कसं? मी होतो की तिथं."

"तुम्ही असाल हो. ते नाहीये."

मागचे लोक हसले, अप्पाही हसले. पण जिना चढताना मधेच कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "नाहीच म्हणते ती." एवढंच. वर येऊन खाटेवर बसले ते दिवे लागेपर्यंत बोलले नाहीत. बोलणारा माणूस गप्प झाला की घर कसं होतं ते ज्याच्या घरात असं झालंय त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवसापासून वेलांटी जेवणाच्या सुट्टीत छापखान्याच्या संगणकासमोर बसू लागली. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, कुणीही लिहावं आणि कुणीही दुरुस्त करावं असा. त्यात तिनं थांब्यावर नोंद लिहिली. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासलं होतं, पहिल्यांदाच स्वतःचं काही लिहिलं. माळरान लिहिलं, पायवाट लिहिली, ड्रायव्हरचं वाकून बघणं लिहिलं, टाळ्या लिहिल्या. 'धावत येणाऱ्यासाठी गाडी थांबवून ठेवणारा हा बहुधा एकमेव थांबा होता,' असंही लिहिलं. आणि एजंट म्हणून अप्पांचं नाव, आडनावासकट.

दुसऱ्या दिवशी बघते तो नोंदीच्या डोक्यावर लाल पट्टी: 'ही नोंद वगळावी असा प्रस्ताव आहे.' प्रस्ताव मांडणाऱ्यानं आपलं नाव घेतलं होतं खोडरबर. तिथे सगळेच अशी टोपणनावं घेऊन वावरतात. हा कोण, कुठला, म्हातारा की तरणा, काही कळायला मार्ग नाही. नोंदीखाली चर्चेचं पान होतं. तिथे त्यानं लिहिलं होतं:

"हे स्टेशन नव्हतं. थांबा होता. तोही बंद पडलेला. उद्या प्रत्येक बसथांब्यावर आणि पाणपोईवर नोंद करायची का? शिवाय एकही स्रोत दिलेला नाही. टाळ्या वाजायच्या म्हणे. कुणी ऐकल्या?"

वेलांटीनं लगेच लिहिलं, "ऐकणारे बहुतेक वारले. उरलेल्यांनी कुणाकडे जाऊन सांगायचं ते आपणच सांगा."

"रागावू नका. छापलेला पुरावा द्या, मी प्रस्ताव मागे घेतो. माझं त्या थांब्याशी वैर नाही. आपला या विषयाशी काही जवळचा संबंध आहे का? असेल तर सांगावा लागतो."

तिनं लिहिलं, "मी एक वाचक आहे." खोटं नव्हतं. वाचण्यावरच पोट होतं तिचं.

"मग वाचकानं वाचनालयात जावं," खोडरबरनं लिहिलं. त्यालाही विनोदाची हौस होती.

धाकटा भाऊ वीज कंपनीत कारकून. फोनवर म्हणाला, "ताई, रूळ उखडून भंगारात गेले आणि तू त्यांना आता हवेत घालतेयस. कुणासाठी? अप्पांना दिसतं का?"

"ऐकू येतं ना."

"ऐकू येतं म्हणूनच म्हणतो, जपून."

ती जपून म्हणजे काय ते समजली, पण समजल्याचं तिनं दाखवलं नाही.

सुट्टीच्या दिवशी ती सार्वजनिक वाचनालयात गेली. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे तळघरात. त्यांना ओल लागलेली, पान उलटलं की कोपरा हातात यायचा. तिथे तिला दोन गोष्टी सापडल्या. एक, रेल्वेचं जुनं छापील वेळापत्रक. त्याच्या मागच्या पानांवर थांबे आणि त्यांच्या एजंटांची नावं. तिच्या अप्पांचं नाव तिथे होतं, सुबक टाइपात. दुसरी होती एक बातमी. शीर्षक होतं, 'थांब्यावरच्या लहरीने घेतला बळी'.

ती लहान असताना घरात एक दिवस असा आला होता की अप्पा परत आले ते मोरीत बसून हात धूत राहिले, आणि आईनं मुलांना बाहेर काढून दाराला कडी घातली. त्या दिवसाबद्दल नंतर कुणी बोललं नाही. आता तो दिवस तिच्यापुढे छापून पडलेला होता. गाडीच्या पुढच्या डब्यात एका आजारी बाईला झोपवून शहरातल्या इस्पितळात नेत होते. थांब्यावरच्या एजंटानं माळावर पळणाऱ्या एका इसमासाठी गाडी रोखून धरली. इसम गाडीत चढलाच नाही. बाईनं इस्पितळाच्या दारातच प्राण सोडला. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर. बातमीत पुढे लिहिलं होतं, 'धावत येणाऱ्यांसाठी गाडी थांबवून ठेवण्याचा या थांब्यावर प्रघात असून रेल्वेने यात लक्ष घालावे.' रेल्वेनं लक्ष घातलं, आणि थांबा बंद केला.

आता बघा माणसाचं मन कसं चालतं. कुणी म्हणेल, तिनं गठ्ठा बांधून ठेवून घरी यायचं होतं. पण तिच्या डोळ्यांना सवय होती पानात हवं ते शोधायची, आणि हवं ते तिला सापडलं होतं. 'धावत येणाऱ्यांसाठी गाडी थांबवून ठेवण्याचा प्रघात.' हाच तर पुरावा खोडरबर मागत होता. ज्या गोष्टीसाठी थांबा नोंदीला लायक होता ती गोष्ट कुणीतरी छापली होती, आणि छापली होती ती दोष द्यायला. तिनं बातमी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात अप्पांचं नाव कुठेही नव्हतं. 'तेथील एजंट', एवढंच.

मुद्रितशोधकाची चूक कशी असते? तो एक पान घेतो, तपासतो, बाजूला ठेवतो. मग दुसरं घेतो. पान बिनचूक असलं की झालं. वेळापत्रकात नाव होतं आणि दोष नव्हता. बातमीत दोष होता आणि नाव नव्हतं. दोन्ही पानं वेगवेगळी तपासली तर अप्पांना कुठेच ओरखडा नाही. ती शिवून एकत्र बांधणारा कुणी असतो, हे ती विसरली. उभा जन्म छापखान्यात काढला, पण बांधणीचा विभाग पलीकडच्या इमारतीत होता.

तिनं दोन्ही पुरावे दिले.

खोडरबर शब्दाला जागला. "अप्रतिम," त्यानं लिहिलं. "आपण फार कष्ट घेतलेत. असा प्रघात दुसऱ्या कुठल्या थांब्याचा माझ्या वाचनात नाही. प्रस्ताव मागे घेतो." पण एकदा मांडलेला प्रस्ताव कोशाचा कारभार बघणाऱ्या पंचांपुढे जातोच. तेव्हा वेलांटीनं शेवटचं म्हणून लांबलचक लिहिलं, की लहान जागांनाही इतिहास असतो, तिथे जे घडलं ते घडलंच नाही असं म्हणता येणार नाही, आणि कोश जर फक्त मोठ्यांचा असेल तर त्याला कोश म्हणू नये. पंचांनी निर्णय दिला, 'नोंद ठेवावी.' लाल पट्टी गेली.

त्या संध्याकाळी तिनं येताना बर्फी आणली. छापखान्यातून मोबाइलवर नोंद घेऊन आली आणि अप्पांना वाचून दाखवली. माळरान आलं तेव्हा ते सरळ बसले. ड्रायव्हर आला तेव्हा हसले. "म्हातारी पळतेय की हलतेय, ते घातलंस का?"

"घातलंय."

"आणि माझं नाव?"

"आहे. आडनावासकट."

"परत वाच."

तिनं परत वाचलं. मग अप्पा कठड्याशी गेले आणि खाली इस्त्रीवाल्याला हाक मारून म्हणाले, "ए, वर ये. कोशात आलोय मी."

इस्त्रीवाला वर आला, बर्फी खाऊन म्हणाला, "आजोबा, आता तुमचा पुतळा कुठे बसवायचा?"

"कपडे वाळत घालतोस ना, तिथे बसव. हातावर चादरी टाकता येतील."

घरात पुष्कळ दिवसांनी असं हसू झालं. देवानं तेवढी एक संध्याकाळ तिच्या पदरात टाकली, आणि मग मूठ झाकली.

खोडरबर मनाचा चांगला होता. इथेच सगळं नासलं. वाईट असता तर एकदा खोडून निघून गेला असता. पण त्याला त्या थांब्याचा लळा लागला. आठवड्याभरात त्यानं नोंद 'सुधारली'. ज्याला पुरावा नव्हता ते सगळं काढलं. माळरान गेलं, पायवाट गेली, ड्रायव्हर गेला, म्हातारी गेली, टाळ्या गेल्या. ज्याला पुरावा होता ते राहिलं, आणि ते त्यानं नीट एकत्र जोडलं. वेलांटी डबा उघडून संगणकासमोर बसली होती. पहिला घास तसाच हातात राहिला. त्यानं चर्चेच्या पानावर लिहिलंही होतं, "आपल्यासाठी जरा भर घातली आहे. वेळापत्रक आणि बातमीचा मेळ बसवला. आता नोंद पक्की झाली, कुणी हलवू शकणार नाही."

तिनं आधी शेवटची वाक्यं काढून टाकली. तासाभरात ती परत आली. "चुकून गेली असावीत," त्यानं लिहिलं.

"चुकून नाही. बातमीत नाव नाही. आपण नाव कुठून घातलंत?"

"आपणच दिलेल्या वेळापत्रकातून. त्या वर्षी तिथे दुसरा एजंट नव्हता. दोन्ही पुरावे आपलेच आहेत."

मग तिनं जे केलं ते सांगतानाही वाईट वाटतं. तिनं स्वतः नोंद वगळण्याचा प्रस्ताव मांडला. हा एक बारकासा, बंद पडलेला थांबा आहे, याला काही महत्त्व नाही, असं आपल्या हातानं लिहिलं. ज्या ठिकाणाला दवाखान्यातली मुलगी 'नाहीये' म्हणाली म्हणून ही उठली होती, त्याला आता हीच नाही म्हणत होती.

खोडरबरनं तिचंच लांबलचक उत्तर तिच्यापुढे ठेवलं. "तिथे जे घडलं ते घडलंच नाही असं म्हणता येणार नाही. हे आपलेच शब्द. मला तर पटले. आता काय झालं?"

तेव्हा तिनं लिहिलं, "ते माझे वडील आहेत. हयात आहेत."

त्यावर उत्तर आलं, "मला मनापासून वाईट वाटतं. खरंच. पण आपण हे आधी सांगायला हवं होतं. नातेवाइकांनी घरच्यांवर लिहू नये असा नियम आहे. आणि आता नोंदीतलं एक अक्षरही खोटं नाही. आपण वाचक आहात ना, आपणच सांगा, यात चूक कुठे आहे?"

चूक कुठेच नव्हती. पंचांनी तिचा प्रस्ताव फेटाळला. तिनं नोंद किती वेळा तपासली. लाल शाई लावायला जागा नव्हती.

रविवारी दुपारी भाऊ आला. चपला काढतानाच त्याचा चेहरा बघून ती अप्पांच्या खोलीचं दार लोटायला गेली.

"राहू दे, झोपलेत ना? मग झालं," तो म्हणाला. "ऑफिसात शेजारच्यानं मला मोबाइल दाखवला. म्हणे, आडनाव तुझंच आहे, नातेवाईक का रे? मी काय सांगू? नाही म्हणालो. ऐकलंस ताई? बापाला नाही म्हणून आलो."

"मीही तिथे लिहिताना एकदा तेच केलं."

"तू शाणी. तुझी तर कमाल आहे. आईनं मरेपर्यंत दाराला कडी घातली होती. तू कडी काढलीस, दार काढलंस आणि चौकटही विकून आलीस. कशासाठी? तर कोशात नाव हवं. आलं की. आता फ्रेम कर."

"हळू बोल."

"काय हळू बोल? जग वाचतंय."

"काय वाचतंय जग?" आतून अप्पा म्हणाले. ते झोपलेले नव्हते. आंधळ्या माणसाचे डोळे मिटलेले पाहून लोक फसतात.

अप्पा खाटेवर उठून बसले. "नोंद बदलली ना? मला वाटलंच. आठवडाभर परत वाच म्हटलं की तुला काम निघायचं. वाच आता."

"अप्पा, त्यात काही नाही."

"मग वाचायला काय जातं?"

भाऊ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. वेलांटीनं मोबाइल घेतला. छापखान्यात महत्त्वाचा मजकूर दोघांत तपासतात. एक जण मोठ्यानं वाचतो, दुसरा मूळ प्रतीवर बोट फिरवतो, आणि वाचणारा विरामचिन्हंही वाचतो, सपाट आवाजात, अर्थ मनात न घेता. त्या दिवशी तिला दुसरा कुठला आवाज फुटेना. तिनं तसंच वाचलं.

"हा एक बंद पडलेला रेल्वे थांबा आहे पूर्णविराम येथील एजंट," आणि अप्पांचं नाव, "हे धावत येणाऱ्या व्यक्तींसाठी गाडी विनापरवाना थांबवून ठेवत असत पूर्णविराम अशाच एका प्रसंगी गाडीला उशीर झाल्याने एका रुग्ण महिलेचा मृत्यू झाला स्वल्पविराम आणि त्यानंतर थांबा बंद करण्यात आला पूर्णविराम."

खाली इस्त्रीवाला पाणी शिंपडत होता, त्याचा चर्र आवाज वर येत होता.

"एवढंच?" अप्पा म्हणाले.

"एवढंच."

"बरोबर आहे." त्यांनी हातानं चाचपून चादर सारखी केली. "तो शेळीमागे पळत होता, लेकाचा. मला काय माहीत? लांबून शेळी दिसत नव्हती, माणूस दिसत होता. मी लाल धरून उभा. ड्रायव्हर काही बोलला नाही, डब्यात सगळे ओरडत होते, पळ पळ म्हणून. त्या बाईचा नवरासुद्धा. त्यानं तिचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं आणि खिडकीत येऊन बघायला लागला, पोचतो की नाही म्हणून. मी त्याला बघितलं, हसत होता. मग त्या गड्याला शेळी सापडली. शेळीला धरलं आणि वळून घरी निघाला. गाडीकडे बघितलंसुद्धा नाही."

भाऊ खिडकीतून वळला. त्यानंही हे कधी ऐकलं नव्हतं.

"अप्पा, तुमची चूक नव्हती त्यात," तो म्हणाला.

"होती की. निशाण माझ्या हातात होतं." ते तिच्या दिशेला वळले. "पण तिचं नाव का नाही घातलं? माझं आहे, तिचं नाही. असं कसं?"

"बातमीत नव्हतं, अप्पा."

"मला माहीत आहे ना. मी गेलो होतो त्यांच्या घरी. नवरा बाहेर आला नाही. सासूनं पाणी दिलं, तेव्हा विचारून घेतलं." आणि त्यांनी नाव सांगितलं.

ते नाव वेलांटी लहानपणापासून ऐकत आली होती. अप्पा रोज आंघोळ करून देवापुढे बसत, एकामागून एक नावं घेत, आणि शेवटी हे एक नाव घेऊन हात जोडत. घरात सगळ्यांना ते एखाद्या देवीचंच वाटायचं. आई तर त्या नावाला स्वतःही हात जोडायची. तिला ठाऊक होतं की नव्हतं, ते आता विचारायला ती नाही.

"घाल ते," अप्पा म्हणाले. "नोंद राहू दे तशी. तेवढं घाल."

सोमवारी तिनं ते घातलं. 'एका रुग्ण महिलेचा' या शब्दांच्या जागी नाव लिहिलं, बाकी कशालाही हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत नाव गेलेलं होतं.

"स्रोत?" खोडरबरनं विचारलं होतं.

"त्या थांब्याचा एजंट हयात आहे. त्याला नाव ठाऊक आहे."

"माणूस हा स्रोत धरता येत नाही. कुठे छापलंय का?"

"तिच्या घरच्यांना तरी ठाऊक असेल. ती होती."

"असणारच. पण तसं तर सगळेच असतात. आणि आपण संबंधित व्यक्ती आहात, आपण इथे लिहू नये हे मी आधी सांगितलं होतं. कृपया मला पंचांकडे जायला लावू नका."

तिनं पुन्हा घातलं. त्यानं पुन्हा काढलं. असं काही दिवस चाललं. मग पंचांनी नोंदीला कुलूप घातलं आणि वेलांटीला तिथे लिहायची बंदी केली. कारण दिलं, 'वारंवार अप्रमाणित मजकूर घालणे.' छापखान्यात तिच्या हाताखालचा अक्षरजुळणी करणारा म्हणाला, "बाई, तुम्हाला आणि चुकीच्या मजकुराबद्दल बंदी? पेढे वाटा." ती हसली नाही, तेव्हा तोही कामाला लागला.

अप्पा रोज संध्याकाळी जिन्यावर तिची पावलं वाजली की विचारतात, "आलं का तिचं नाव?" आणि ती खरं तेच सांगते, "नाही." खोटं सांगितलं तर त्यांना कळणार नाही, हे तिला माहीत आहे. म्हणूनच सांगवत नाही.

"उद्या बघ," ते म्हणतात.

तर अशी ही कथा. तो थांबा आता कोशात आहे, पक्का, कुलूपबंद. दवाखान्यातल्या मुलीनं आज ते नाव टाइप केलं तर तिला तो सापडेल. एजंट सापडेल, त्याचा गुन्हा सापडेल. पुढच्या डब्यात बाकावर जी पडून होती, जिचं डोकं नवऱ्यानं मांडीवरून घडीभर खाली ठेवलं, ती सापडणार नाही. तुम्ही हात जोडायला बसाल तेव्हा तुमची सगळी नावं आधी घ्या, घाई नाही. सगळ्यात शेवटी एकदा तिची आठवण काढा. नाव तुम्हाला ठाऊक नसलं तरी चालेल. 'पुढच्या डब्यातली ती बाई' एवढं म्हणा. ज्याला कळायचं त्याला कळतं, तो स्रोत मागत नाही.